हातावर ठेवलेली साखर

मुलगा फुटबॉल खेळतो असं मी नागपूरला फोनवर सांगायचे, तेव्हा सगळ्यांना तो पायाने खेळायचा फुटबॉल वाटायचा. इथला अमेरिकन फुटबॉल चेंडू पोटाशी धरून, एकमेकांच्या अंगावर धडका मारत खेळतात. आमचा मुलगा मात्र त्या खेळातही पायानेच खेळायचा, कारण तो किकर होता. संघातली आडदांड पोरं चिखलात लोळून घ्यायची, आणि मग हा दहीभातावर वाढलेला शिडशिडीत मुलगा स्वच्छ कपड्यांत मैदानात जायचा, चेंडू लाथेने उडवून दोन उंच खांबांच्या मधून पलीकडे पाठवायचा आणि परत येऊन बसायचा. माझा नवरा त्याला "आयत्या बिळावरचा नागोबा" म्हणायचा. पण सामना अडला की त्या नागोबाकडेच सगळं स्टेडियम बघायचं.

अमेरिकेतल्या डब्लिनमधल्या आमच्या घराजवळच्या शाळेच्या मैदानावर त्याचा सराव चालायचा. मी खांबांच्या मागे उभी राहून चेंडू गोळा करायचे. कानात ऑफिसची मीटिंग, माझा माइक म्यूट, आणि वारा असा की नाक जागेवर आहे की नाही ते चाचपून बघावं. तो लांबून ओरडायचा, "आई, गुड?" मी हात वर करायचे. या खेळाचे बाकीचे नियम मला आजही कळत नाहीत, पण चेंडू आत गेला की बाहेर, हे माझ्याइतकं कुणाला कळत नसेल.

तो अकरावीत असताना, जानेवारीत, दोन राज्यं पलीकडच्या एका कॉलेजचा कोच आमच्या घरी आला. उन्हाळी शिबिरात त्याने मुलाला खेळताना पाहिलं होतं. दारातच त्याने न सांगता बर्फाने भरलेले बूट काढले, आणि मी तिथेच विरघळले. नवरा माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "अगं, हा तर कांदेपोह्यांचा कार्यक्रम." मी खरंच पोहे केले होते, तिखट बेताचं. कोचने दोनदा मागून घेतले. मग मुलाकडे वळून म्हणाला की पूर्ण चार वर्षांची स्कॉलरशिप, आणि माझा किकर तूच.

नवऱ्याने विचारलं, लेखी काही मिळेल का? कोच छान हसला. म्हणाला, सह्या पुढच्या डिसेंबरात होतात, तोवर दोन्ही बाजूंचा शब्दच असतो. 'दोन्ही बाजूंचा' हे मला फार आवडलं. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न एका बैठकीत ठरलं होतं. आठवड्याभरात त्याहून चांगलं स्थळ घरी चालत आलं, तर वडिलांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. "शब्द गेलाय आता," एवढंच म्हणाले. ते सगळं माझ्या हाडामांसात मुरलेलं. मी आत जाऊन साखर आणली आणि कोचच्या तळहातावर ठेवली. मुलगा लाजेने लालबुंद झाला. मी सांगितलं, आमच्यात काही पक्कं ठरलं की असं करतात. कोचने सगळी साखर खाल्ली आणि म्हणाला की कुठल्याही करारापेक्षा हे चांगलं आहे.

आणखी दोन कॉलेजं मुलाच्या मागे होती. संघातल्या एका मुलाची आई आमच्या शेजारी राहते. ती मला समजावत होती की त्या दोघांशी गोड बोलत राहा, सही होईपर्यंत हो म्हणण्याला काही अर्थ नसतो, सगळे असंच करतात. मी घरी येऊन तणतणले. एकाशी सोयरीक ठरवायची आणि दुसऱ्यांना झुलवत ठेवायचं, ही कुठली रीत? मुलगा ओट्याशी सफरचंद कापत होता. मान वर न करता म्हणाला, "मी दोघांनाही कॉल करून 'नाही' म्हणून सांगितलं, आई. आय सेड येस. येस म्हणजे येस ना?"

त्या दिवशी मला काय वाटलं ते कसं सांगू! पोरगं इथं जन्मलं, इथं वाढलं, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देतं, आणि वळण मात्र माझ्या वडिलांचं. मी महाराष्ट्र मंडळात भेटेल त्या काकूंना ते सांगत सुटले. आज तोच अभिमान सगळ्यांत जास्त खुपतो.

बारावीचा सीझन त्याने त्या कॉलेजची टोपी घालून काढला. प्रत्येक मॅचनंतर कोचचा मेसेज यायचा. नोव्हेंबरच्या शेवटी त्या कोचला एका मोठ्या कॉलेजात नोकरी लागली. मुलाला ते शाळेत असताना, फोनवरच्या बातमीतून कळलं. घरी येऊन तो आम्हालाच धीर देत होता की ऑफर कॉलेजची आहे, एका माणसाची नाही.

सह्यांच्या अगदी आधी नव्या कोचचा फोन आला. मुलाने स्पीकरवर ठेवला. आवाज फार सभ्य होता. दुसऱ्या कॉलेजात दोन-तीन वर्षं खेळलेला एक तयार किकर ते आणत होते, त्यामुळे स्कॉलरशिप आता उरली नव्हती. तुला यायचं तर ये, संघासाठी प्रयत्न कर, पण जागेची खात्री देता येणार नाही. मुलगा "येस सर, थँक यू सर" म्हणत राहिला. मी समोर उभी होते. हातातलं लाटणं त्या फोनवर घालावं असं वाटत होतं, आणि माझा मुलगा त्या माणसाचे आभार मानत होता.

त्याने जुन्या कोचला मेसेज केला. तो वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. मग नाही म्हटलेल्या त्या दोन्ही कॉलेजांना त्याने स्वतः फोन केले. दोन्हीकडे जागा भरल्या होत्या. त्यांतल्या एका कॉलेजचा कोच म्हणाला, "फोन करून 'नाही' म्हणणारा तू एकटाच होतास. बाकीचे नुसते गायब होतात." हे मला सांगताना मुलगा पहिल्यांदा रडला.

नवरा म्हणाला, "ऑफर्स कॅन्सल होतात गं, आमच्या कंपनीतही होतात." माझा तोल गेला. म्हटलं, "तुझ्या कंपनीतले लोक पोरांच्या घरी जेवायच्या टेबलाशी बसून ऑफर देतात का?" तो उठून गॅरेजमध्ये गेला आणि बराच वेळ आला नाही.

फी भरणं आम्हाला जड नव्हतं. लोक तेवढ्यावरच आमचं सांत्वन करायचे. मुलगा आता आमच्याच राज्यातल्या एका मोठ्या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग शिकतो, आणि चेंडूला त्याने पुन्हा पाय लावलेला नाही. मी त्या कोचचा फार विचार करते. आमच्या टेबलाशी तो खोटं बोलत नव्हता, याची मला खात्री आहे. लबाड असता तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. त्याला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. मग त्याला जास्त चांगलं काही मिळालं, आणि मागे एक सतरा वर्षांचं पोर उरलंय हे बघायची त्या धंद्यात कुणाला गरजच पडत नाही.

मागच्या आठवड्यात मी मुलाला फोन केला. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला घरी येतोस ना, विचारलं. "लेट्स सी, आई." हल्ली तो कुठल्याच गोष्टीला हो म्हणत नाही. मित्राच्या ट्रिपला नाही, मावशीच्या जेवणाच्या आमंत्रणाला नाही. मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, हो म्हण ना. नाही जमलं तर नको येऊस, पण आत्ता नुसतं हो म्हण. मला तेवढंच बरं वाटेल."

तो अगदी हळू, चक्क मराठीत म्हणाला, "आई, कोचनी पण तेच केलं ना."