न भरलेली तारीख

प्रोग्रामरची चूक एका दिवसात दुरुस्त होते, पण तिचा किस्सा वर्षानुवर्षं ऑफिसात फिरत राहतो. मालवणच्या आमच्या ऑफिसात दोघंच, मी आणि नाझनीन. होड्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहिलं. होडी कधी गेली, कधी आली, वर माणसं किती.

*

पहिल्याच आठवड्यात मच्छीमार सोसायटीच्या तात्यांचा फोन. "झिला, माझी होडी आज सकाळी गेली आणि सन एकमध्ये परत इली?"

कोडमध्ये तारखेचा साधा प्रकार, म्हणजे तारीख ठेवायचा कप्पा, रिकामा राहूच शकत नाही. काही भरलं नाही, तर तो आपणहून सन एकची पहिली जानेवारी धरतो. मी हसलो आणि स्क्रीनवरून ती तारीख लपवली. फक्त लपवली!

*

आकड्याचंही तेच. माणसं भरायची राहिली की शून्य. एक मालक प्रिंट घेऊनच आला. "माझी होडी काय भुतां हाकतत?"

त्या दुपारी नाझनीननं मला बिनसाखरेचा चहा दिला. "साखर किती विचारलं, तू बोललाच नाहीस. तुझ्या कोडमध्ये न बोलणं म्हणजे शून्य ना!"

*

मग एकदा वादळाचा इशारा आला. आमच्या स्क्रीनवर सगळ्या होड्या हिरव्या, म्हणजे परत आलेल्या. लपवलेली तारीख आत तशीच होती, आणि तारीख आहे म्हणजे होडी आली, असं कोड समजत होता!

तात्या स्वतः धक्क्यावर जाऊन बघून आले. "तुमचो कम्प्युटर म्हणता सगळे इले. मगे अर्धो धक्को रिकामो कसो?"

मी धक्क्यावर जाऊन येणारी एकेक होडी मोजत बसलो. संध्याकाळपर्यंत सगळ्या होड्या सुखरूप आल्या. मग मी तारखेच्या प्रकारापुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं. तेवढ्यानं रिकामी जागा रिकामी राहते. एका चिन्हाचं काम, मी केलं नव्हतं.

तात्या ओरडले नाहीत. "आता खरां सांगतलो मां?" एवढंच म्हणाले.

*

गेल्या वर्षी आचऱ्याच्या सुलभाकाकींचा नवरा एकटाच होडी घेऊन गेला आणि आला नाही. शोध थांबला. मोसम संपताना उघड्या, म्हणजे परतीची वेळ नसलेल्या, नोंदी बंद करतात, म्हणून काकी ऑफिसात आल्या.

नाझनीननं नाव वाचलं, होडीचा नंबर वाचला, निघाल्याची वेळ वाचली.

"काकी, परतीची वेळ काय घालू?"

काकींनी स्क्रीनवरच्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं.

"ह्यां मोकळां ठेवूक येता?"

"हो काकी."

"मगे ठेव."