पांझरेकाठचं नवं सभागृह
ओल्या ऑइलपेंटचा वास आला की मला नव्वदच्या आसपास धुळ्यात पांझरेच्या काठी बांधलेलं ते छोटंसं सभागृह आठवतं. त्याच्या वरच्या मजल्यावर आमचे गाण्याचे वर्ग भरणार होते. उद्घाटनाला मला एकटीला गायचं होतं आणि मध्ये दोनच दिवस उरले होते. तालमीत रिकाम्या सभागृहात माझाच आवाज भिंतींवर आपटून परत यायला लागला. दोनदा गाणं अडलं आणि मी रडकुंडीला आले. “समोर माणसं बसली की घुमणार नाही,” असं म्हणत गुरुजी नदीवर गेले आणि कपडे धुणाऱ्या पंधरा-वीस बायकांना घेऊन आले. ओले पदर पिळून त्या नव्याकोऱ्या खुर्च्यांवर संकोचून टेकल्या. मी पुन्हा गायले. घुमणं खरंच कमी झालं होतं आणि माझा धीरही वाढला होता. गाणं संपल्यावर त्यांच्यातली सगळ्यांत वयस्क बाई म्हणाली, “आमना गळाबी आठे असाच वाजी का, माय?” गुरुजी हसले. “या अक्का, मंचावर या. इथे तुमचा गळा कसा वाजतो, म्हणून बघा.” ती वर आली आणि डोळे मिटून हळदीचं गाणं म्हणू लागली. खाली बसलेल्या बायकांनी दुसऱ्याच ओळीला साथ धरली. गुरुजी पेटीवर तिची पट्टी शोधत राहिले. उद्घाटनाला मी न अडखळता गायले. आज मी स्वतः गाणं शिकवते, पण तिच्यासारखं बिनघोर गाणं मला अजून जमलेलं नाही.