घरचे वगळून

त्याला सगळे गुळमट म्हणत. लहानपणी चुलत्याच्या खिशातली चिल्लर उचलून वर चुलत्याचेच पाय चेपत बसायचा, तेव्हापासूनचं हे नाव. मोठेपणी त्यानं तोच धंदा केला. फक्त हात खिशाऐवजी माणसांच्या मनात जायला लागला, आणि पाय चेपायचे कष्ट वाचले.

कचेरी बँकेच्या वरच्या मजल्यावर. दारावर कसल्याशा सल्लागारांची पाटी, आत थंडगार हवेत ओळीनं संगणक. निवडणूक लढवणाऱ्यांना इथून लोकांची दुखणी विकली जात. कोण कशाला भितो, कुणाचं भावाशी वाकडं, सगळं. ते गोळा करायला चोरीसुद्धा करावी लागत नसे. ‘तुमच्या स्वभावाचा रंग कोणता?’ असला पोरखेळ फोनवर सोडायचा. शहाणीसुरती माणसं हौसेनं बोट दाबत. रंग निघे पिवळा, आणि तेवढ्यात त्यांचा सगळा गोतावळा, आवडीनिवडी आणि भांडणं कचेरीत येऊन पडलेली असत.

गुळमटची खास करामत म्हणजे फोनवरचा बायांचा एक गट. वर झोपलेल्या बाळाचं चित्र, खाली बाळंतिणींना सल्ले. कुणी मायाळू बाई चालवत असेल असं बायांना वाटे. चालवत होता हा मिशीवाला. ज्यांची मुलं दगावली त्या बाया तिथं घरात कुणाला न सांगितलेलं लिहीत. हा ‘ताई’ होऊन उत्तर देई, ‘मोकळं कर गं मन,’ आणि तिचा नंबर उचलून संगणकातल्या वेगळ्या कप्प्यात टाकी.

त्या साली नगरपालिकेच्या निवडणुकीत भांडण एकाच गोष्टीचं होतं. सरकारी दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग ठेवायचा की मोडून जागा विकायची? मोडणाऱ्यांनी या कचेरीला काम दिलं. आणि त्याच विभागात गुळमटची बायको नर्स होती. विभाग गेला की तिची बदली लांब कुठंतरी, आणि गरिबाघरच्या बाईनं कळा सोसत दुसरं शहर गाठायचं.

“अहो, यंदा कुणाचं काम आलंय?” तिनं विचारलं.

“असतं काहीबाही. आकडेमोड.”

भाजी निवडता निवडता त्याची आई म्हणाली, “आकडेमोडीला एवढा पगार? तुझ्या बापानं जन्मभर आकडेमोड केली, पायातली चप्पल काही बदलली नाही.”

कचेरीत एक रिवाज होता. मजकूर सोडण्याआधी साहेब ओरडे, “घरचे वगळले का रे सगळ्यांनी?” शेतात विष फवारण्याआधी आपली गुरं लांब बांधावीत, तसं. गुळमटनं आई, बहीण, मेहुणे, बायको, सगळे नंबर काढले आणि मुलं दगावलेल्या बायांच्या त्या कप्प्यावर मजकूर सोडला, ‘तुझं बाळ वाचलं असतं. तेव्हा विभागात कोण झोपलं होतं, विचारलंस कधी?’

दुसऱ्या दिवशी विभागाच्या दारात बाया उभ्या. एक गुळमटच्या बायकोच्या अंगावर थुंकली. “बोल भवाने, झोपली होतीस ना?” याच बाईचं बाळ गेलं त्या रात्री तिचा हात धरून नर्स पहाटेपर्यंत बसली होती. नर्सनं कोट पुसला आणि ती कामाला लागली. दुपारी पिशवीतला जुना फोन काढला, तर तोच मजकूर तिलाही आलेला.

तिची आणि गुळमटची पहिली मुलगी जन्मल्यावर आठवड्यात गेली होती. ‘झालं ते झालं, आता तो विषय घरात नको,’ असं गुळमटनं फर्मावलं होतं. मग तिनं जुन्या फोनवर, खोट्या नावानं, त्या गटात लिहिलं. ताईनं उत्तरही दिलं होतं, मोकळं कर गं मन. त्या गटाबाहेर ती हे कुठं बोलली नव्हती, आणि निवडणुकीचे मजकूर कुठून सुटतात ते तिला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी तिनं फोन त्याच्यासमोर ठेवला.

“हा मजकूर तुमच्याकडनंच सुटलाय ना?”

त्यानं वाचलं. “हे खोटं नाव तुझं?”

“माझं.”

“अगं, मग सांगायचंस ना! वगळलं असतं!”

“काय वगळलं असतं?” आईनं विचारलं.

“आई, आपली छकुली गेली ना, तिचं यांनी मतांसाठी दुकान मांडलं.”

“मला काय माहीत ती तू आहेस?”

“म्हणजे दुसरी कुणी असती तर चाललं असतं.”

आई म्हणाली, “मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकून होते रे. माझ्याच पोटी एक निघाला.”

बायकोनं विभागाच्या दारातल्या बायांना उघड सांगितलं, “ती ताई म्हणजे माझा नवरा.” काहींना पटलं. काही म्हणाल्या, नोकरी वाचवायला नवऱ्याचं नाव घेते, बाई की कोण! मोडणारे थोडक्या मतांनी निवडून आले. विभागाला कुलूप लागलं. कचेरीत गुळमटसाठी टाळ्या वाजल्या आणि साहेबानं त्याला खुर्ची बदलून दिली, मागे टेकता येणारी.

बायकोची बदली झाली. टेम्पोत सामान चढत होतं, गुळमट दारात उभा होता. सामानात आईची ट्रंक बघून तो चपापला.

“आई, तू कुठं निघालीस?”

“सुनेकडे.”

“आणि माझ्या जेवणाचं?”

आईनं मान वळवली नाही. टेम्पोवाल्याला म्हणाली, “बाबा, ती ट्रंक नीट बांध. कडी ढिली आहे तिची.”