मीठ चोळलेली स्लाइस

शनिवार. बऱ्याच महिन्यांनी इथे लिहितेय, माफ करा. लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं नाही... आपल्याच शाळेचं कौतुक आपणच करावं का, या विचारात राहून जातं. आज करते.

काल तळासरीला शाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या आमच्या शाळेतून आठवीतली प्राची जाणार होती. विषय, ब्रेडला बुरशी का येते.

तिने घरी दोन स्लाइस पिशव्यांत बंद करून डब्यात ठेवल्या होत्या. एक पाकिटातून काढली तशीच, दुसरी पाणी शिंपडून. बुरशीचे बीजाणू हवेत असतातच, ओल आणि ऊब मिळाली की वाढतात. ओल्या स्लाइसवर जास्त बुरशी दिसायला हवी होती. सारखा डबा उघडू नकोस, असं मीच तिला बजावलं होतं.

परवा तिने डबा उघडला आणि रडवेली होऊन माझ्याकडे आली. साध्या स्लाइसवर हिरवीगार बुरशी... आणि ओली स्लाइस आईने केव्हाच मीठ चोळून, सुकटीशेजारी उन्हात वाळवून ठेवलेली!

मासळी सुकवणारं घर ते. ओलं काही दिसलं की हात आपोआप मिठाकडे जातो. मी फोन केला तर प्राचीची आई म्हणाली, "मॅडम, पोरींना पाव कुजवायला शिकवता काय तुम्ही?"

ती खडखडीत स्लाइसही घेऊन ये, एवढंच मी प्राचीला सांगितलं. काल रिक्षात बसल्यावर मात्र मनात आलं, हे आपण ठरवून केलं असं सांगितलं तर कोणाला कळणार आहे? मी तसं बोलले नाही. पण 'खरं तेच सांग' असंही बोलले नाही... ते टोचत राहिलं.

परीक्षकांनी विचारलं, ही कल्पना कोणाची?

"आईची. तिला प्रयोग चाललाय हे माहीतच नव्हतं."

आजूबाजूचे हसले. प्राचीने न हसता समजावलं, की ओल गेली म्हणून बुरशीला वाढताच आलं नाही.

"पण मग मिठामुळे वाचली की उन्हामुळे?"

उत्तर माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. प्राचीने ती स्लाइस उचलून उलटसुलट करून पाहिली.

"माहीत नाही, सर. आईने दोन्ही एकदम केलं. वेगवेगळं करून बघावं लागेल."

इतकी वर्षं विज्ञान शिकवतेय... 'माहीत नाही' हे इतक्या ताठ मानेने बोललेलं मी वर्गात कधी ऐकलं नव्हतं. स्वतःच्या तोंडूनही नाही.

जिल्ह्यासाठी तिची निवड झाली. परीक्षक म्हणाले, उत्तर शोधून या. मला फार अभिमान वाटतोय... त्यात माझा वाटा किती, हे आज नाही तपासत बसणार.

उद्याचं काम : प्राचीच्या घरी जाऊन तिच्या आईला विचारणे, मीठ किती चोळलं होतं.