कुल्फीच्या गाडीची घंटी
जमवलेल्या जुन्या तीनचाकी सायकलींच्या साखळ्यांना खोबरेल लावायला बसलो की त्या वासाबरोबर मालवणातलं ते घरापुढचं सारवलेलं खळं डोळ्यांसमोर येतं. पायडल मारून जन्मभर कुल्फी विकलेल्या म्हाताऱ्याने आपली गाडी मला देण्याआधी चाकापाशी नारळ ठेवला, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, गाडी आज ह्या झिलाच्या हाती दितंय. हेनी घंटी वाजवली काय पोरां धावत येवंदेत रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" घरच्यांबरोबर मीही ओरडलो होतो. आमच्या वाडीतली पोरं आता आईबापांबरोबर मुंबईला असतात. तरी तेल घालून झालं की मी एकदा घंटी वाजवतो. समोरची काकी तेवढी लगबगीने दारात येते आणि विचारते, "पोरां इली काय रे?"