खालच्यांचा कोपरा

आमच्या घराला अर्धी खिडकी होती. अर्धी म्हणजे लहान नव्हे. चांगली माणसाच्या उंचीची, सागवानी, बघत राहावं अशी खिडकी. पण तिची एक झडप आमच्या खोलीत उघडायची आणि दुसरी शेजारच्या चाचांच्या. महाडच्या जुन्या बाजारपेठेतलं हे दुमजली घर कुणा कापडाच्या व्यापाऱ्याने बांधलं, तेव्हा म्हणे सावित्रीतून मालाची गलबतं गावापर्यंत येत. पुढे त्या घरातली मुलं आखातात गेली आणि घराचे भाडेकरूंसाठी सहा भाग पडले. वरच्या दिवाणखान्यात मधोमध फळ्या ठोकणाऱ्या सुताराने फक्त जमिनीचं माप घेतलं असावं. खिडकीकडे त्याने मान वर करून पाहिलंच नाही.

चाचांनी उभी हयात ट्रक चालवण्यात घालवलेली, त्यामुळे त्यांना पहाटे वारा लागायचा. मला लागायची झोप. ते त्यांची झडप उघडत, मी पांघरूण ओढून मनातल्या मनात त्यांचा उद्धार करी.

पण घर सोडायचा विचार कधी केला नाही. मी कापडे गावची. तिथे आमच्या बौद्धवाडीतल्या घरात माणसं सात आणि खोली एक. माझी म्हणावी अशी जागा म्हणजे एक पत्र्याची पेटी, आणि पाहुणा आला की तोही नेमका तिच्यावरच बसायचा. महाडच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले, लग्न झालं, नवरा एमआयडीसीत पाळीवर जाऊ लागला आणि आम्ही खोली शोधायला निघालो. दोन ठिकाणी आडनाव ऐकल्यावर खोली अचानक भाच्याला द्यायची ठरली. इथल्या मालकांनी परदेशातून फोनवर एवढंच विचारलं, "सामान कधी आणताय?" त्या दिवशी मी दाराला आतून कडी लावून उगाच पाच मिनिटं उभी राहिले होते.

आणि त्याच संध्याकाळी चाचा येऊन म्हणाले, "बाई, जिन्याजवळचा तो कोपरा हाय ना, तो जून लागला की मोकळा ठेवायचा. तो खालच्यांचा."

ही त्या घराची रीत होती. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं की खालच्या मजल्यावरच्या प्रत्येक बिऱ्हाडाने आपलं सामान कुठल्या खोलीत चढवायचं, हे ठरलेलं. प्रत्येकाला वरचा एक कोपरा नेमून दिलेला, गणपती होईपर्यंत. आमच्या कोपऱ्याची मालकीण खालच्या शिवणकामवाल्या ताई. एकट्या राहत, मशीन चालवून पोट भरत.

मी मान डोलावली, पण मला राग आला. भाडं आमचं, केर मी काढणार आणि कोपरा दुसऱ्याचा? दोन पावसाळे तो कोपरा मोकळा राहिला आणि दोन्ही वर्षी पाणी पायरीला लागून परत गेलं. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात आम्ही लोखंडी कपाट घेतलं, आरशाचं, लॉकर असलेलं. ते मी त्याच कोपऱ्यात, फळ्यांना पाठ लावून उभं केलं. नवरा म्हणाला, "अगं, चाचा काय म्हणाले होते?" मी म्हटलं, "बघू पाणी येईल तेव्हा."

ताई फणसाचे गरे घेऊन वर आल्या, तेव्हा त्यांनी कपाट पाहिलं. आरशात पाहून पदर सारखा केला, दारावरून हात फिरवला. "छान हाय," म्हणाल्या आणि खाली गेल्या. त्यांना आपला कोपरा आठवला नसेल, असं मी सोयीस्करपणे समजून घेतलं.

जुलैत त्यांना पहिल्यांदाच मोठं काम मिळालं. बचत गटाकडून शाळेच्या गणवेशांचं. कापड नेहमीप्रमाणे उशिरा आलेलं, त्यामुळे ताई दिवसभर मशीनवर. बेतून ठेवलेल्या कापडाचे गठ्ठे त्यांच्या खोलीभर झाले होते. हे काम नीट पार पडलं तर पुढच्या वर्षी पुन्हा मिळणार होतं. तेवढ्यावर त्यांनी एक मदतनीस बाईसुद्धा मनात ठरवून ठेवली होती.

आणि पाणी आलं. सकाळची वेळ, नवरा पहिल्या पाळीला गेलेला. आधी मोबाइलवर निरोप आले, मग नगरपालिकेचा भोंगा वाजला, आणि चाचा फळ्यांवर धडाधडा हात आपटू लागले. मी जिन्यात धावले तर खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. ताई गुडघाभर गढूळ पाण्यात उभ्या. खाटेवर टेबल, टेबलावर मशीन, मशीनवर गठ्ठे, असा मनोरा रचत होत्या.

मी ओरडले, "अहो ताई, वर का नाही आणत?"

त्यांनी वर पाहिलं. आवाजात राग नव्हता, हेच वाईट. "कुठं आणू बाई? तिथं तुमचं कपाट हाय ना."

मला त्या क्षणी जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. दोन महिने त्यांना माहीत होतं. एका शब्दाने बोलल्या नाहीत, कारण कोपरा मागून घ्यायचा नसतो, तो दिलेला असतो. मी परत धावले आणि कपाटाला खांदा लावला. ते ठासून भरलेलं. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला पलंग, मागे फळ्या. तसूभर हललं नाही. मी रडायला लागले आणि रडत रडत कपाटालाच शिव्या घालू लागले.

पलीकडून चाचांचा आवाज आला, "बाई, बाजूला व्हा."

त्यांनी ट्रकची जुनी टॉमी, चाकासाठीची लोखंडी पहार, काढली होती. खाडकन एक फळी निघाली, मग दुसरी, मग तिसरी. चाचा आणि चाची तिकडून ओढत होते, मी इकडून रेटत होते, आणि कपाट करकरत त्यांच्या खोलीत गेलं. त्यांच्याकडेही त्यांच्या खालच्या किराणावाल्याची पोती आलेली होतीच. एकच चौकोन मोकळा होता, आणि तिथे चाचा रोज नमाज पढत. माझं कपाट त्या जागी जाऊन उभं राहिलं.

गठ्ठे वर आले, मशीन आलं, सगळ्यात शेवटी ताई आल्या. एकच गठ्ठा भिजला होता. दुपारी पाणी सातव्या पायरीवर थांबलं. चाचांनी आमच्या बाजूला, खिडकीशी चटई टाकली आणि नमाज पढले. आम्ही तिघी पलंगावर बसून होतो. खिडकीच्या दोन्ही झडपा उघड्या होत्या. एवढी मोठी खिडकी आपल्या घरात आहे, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पाणी उतरल्यावर भिजलेला गठ्ठा आम्ही तीनदा धुतला आणि त्या अख्ख्या दिवाणखान्यात दोऱ्या बांधून वाळवला. ताईंचं मशीन आठवडाभर माझ्या खोलीत खडखडत राहिलं, आणि माझी झोप त्याने एकदाही मोडली नाही. गणवेश ठरल्या दिवशी गेले. फळ्या नवऱ्याने परत ठोकल्या, पण तीन फळ्यांना बिजागऱ्या लावल्या. कपाट आता स्वयंपाकघराच्या दारात, येताजाता कोपराला लागेल असं उभं आहे.

यंदा जूनच्या पहिल्या रविवारी मी कोपरा पुसून घेतला आणि ताईंना हाक मारली. त्या हात पुसत वर आल्या. मोकळ्या जागेकडे बघत उभ्या राहिल्या. मग खाली जाऊन एक पाट घेऊन आल्या, कोपऱ्यात मांडला आणि भिंतीला टेकून बसल्या.

"पाणी येवो नायतर न येवो," त्या म्हणाल्या. "जागा माझी हाय ना गो?"

"तुमचीच," मी म्हटलं. आणि ते म्हणताना, दाराला कडी लावून उभी होते त्या संध्याकाळपेक्षाही, मला ते घर माझं वाटलं.