पाठीवाला मामा वळतो तेव्हा

आमचा मामा दर आठवड्याला टीव्हीवर दिसतो, पण मागून. मान, कान, खांदे आणि कॉलर एवढाच त्याचा अभिनय. आमच्या मालिकेत अंतराळयानाचा कप्तान कुणाशी बोलत असतो आणि आपल्याला समोरच्याचं तोंड दिसत असतं, तेव्हा अलीकडे जी पाठ असते ती कप्तानाची नसतेच, ती मामाची असते. खरा नायक त्या वेळी आपल्या खोलीत पाय पसरून काकडी खात असतो. दिवे लावणारे दिवे लावत असतात तेव्हा जमिनीवरच्या खुणेवर ताटकळत उभा राहणाराही मामाच. सेटवर त्याला सगळे ‘पाठीवाले’ म्हणतात. मी त्याच मालिकेचे संवाद लिहितो. मामाच्या वशिल्याने लागलो, हे तो मला दिवसातून एकदा तरी ऐकवतो.

मामीचं यावर एक ठरलेलं वाक्य आहे. “मी यांचा चेहरा बघून होकार दिला, आणि जग यांची टाळू बघतंय.”

हे सगळं मामाने हसण्यावारी नेलं होतं. पण त्याच्या लेकीने, आमच्या ठिणगीने, शाळेत सांगून टाकलं की माझे बाबा टीव्हीत असतात. वर्गातल्या एका दीडशहाण्याने विचारलं, “ती पाठ तुझ्याच बाबांची कशावरून? पाठ काय, कुणाचीही असते.” ठिणगी घरी आली ती फुरंगटूनच. तेव्हापासून तिने मामाच्या मागे भुणभुण लावली, “बाबा, एकदाच मागे वळा ना! चुकून वळल्यासारखं करा.”

“वेडी का काय? न वळण्याचाच तर पगार मिळतो मला,” मामा म्हणायचा. पण त्या दिवशी शूटिंगला निघताना तो दोनदा दाढी करून निघाला. ज्याची फक्त पाठ दिसणार, तो माणूस दोनदा दाढी करतो! मामीने माझ्याकडे पाहिलं, मी चपलांकडे पाहिलं.

भाग होता दुःस्वप्नांचा. कप्तान झोपेत स्वप्नं टिपणाऱ्या यंत्राला जोडला जातो आणि स्वप्नातून त्याच्याच रूपाचा एक दुष्ट तोतया यानात शिरतो, अशी गोष्ट. यंत्र म्हणजे केस वाळवायची जुनी टोपी आणि तिला चिकटवलेल्या चंदेरी गाळण्या. आमच्या यानात विज्ञान थोडं, प्लायवूड फार. पण त्या दिवशी सेटवर नुसती उधाणलेली गडबड होती, कारण आरशाचा प्रसंग घ्यायचा होता.

आरशात कॅमेरा दिसतो, म्हणून आरसा लावायचाच नाही. नुसती रिकामी चौकट. चौकटीच्या अलीकडे कप्तानाची खोली, पलीकडे तीच खोली उलटी करून बांधलेली. पलंग उलट बाजूला, घड्याळाचे आकडेसुद्धा उलटे. अलीकडे पाठमोरा मामा, पलीकडे आपल्याकडे तोंड करून नायक. दोघांनी बरोबर हलायचं, की बघणाऱ्याला वाटावं एकच माणूस आरशात बघतोय. मग प्रतिबिंब एकटंच हसणार आणि कप्तानाची बोबडी वळणार.

पहिल्याच वेळी गाडी अडली. नायकाने डावा हात उचलला, आणि मामानेही डावाच.

“पाठीवाले, आरसा आहे हा!” दिग्दर्शिका ओरडल्या. त्यांना सगळे बाई म्हणतात, आणि त्यांचा आवाज ऐकून यान सोडून पळावंसं वाटतं. “त्यांचा डावा, तर तुमचा उजवा!”

“हो बाई.”

पुन्हा डावा. पुन्हा. पुन्हा. मामाचा तरी काय दोष? उभी हयात नायकाचा डावा तो आपला डावा करण्यात गेली. नायक डाव्या हाताने कान खाजवतो म्हणून हा घरीही डाव्या हाताने खाजवतो. मामाच्या मानेवरून घाम ओघळायला लागला, आणि मान म्हणजे तर त्याचा चेहरा! रंगभूषावाली धावत येऊन ती टिपून गेली.

“दुसरा माणूस बघा,” नायक म्हणाला. “नाचाचे मास्तर आहेत ना आपले, त्यांना उभं करा.”

मामाने कप्तानाच्या शर्टाचं वरचं बटण काढायला घेतलं. मी पुढे झालो, तसा तो हळूच म्हणाला, “ठिणगीला काय सांगू रे? आता पाठसुद्धा माझी नाही म्हणून?”

“एकदा शेवटचं,” बाई म्हणाल्या.

नायकाने डावा हात उचलला. मामाने डावा उचलला.

पण या वेळी बाई ओरडल्या नाहीत. त्या कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याला डोळे लावून बसल्या होत्या. मग त्यांनी आपली बाही वर सारली आणि मला दंड दाखवला. अंगावर सरसरून काटा आलेला!

“अरे, बघ तरी! आरसा ऐकत नाहीये! माणूस एक करतोय, आरसा दुसरंच करतोय! यापेक्षा वाईट स्वप्न कुठलं? पाठीवाले, अगदी हीच चूक पुन्हा करा!”

आणि मामाला चूक जमेना. आता तो असा काही सुधारला होता की दरवेळी बिनचूक उजवा हात वर. बाई कपाळ बडवताहेत, नायक छताकडे बघतोय, दिवेवाले तोंडात रुमाल कोंबून हसताहेत. शेवटी मामाच काकुळतीला आला. “बाई, मला चूक कर म्हणू नका. रोजच्यासारखं नुसतं खुणेवर उभं राहा म्हणा.”

बाईंनी सहायकाला खूण केली. तो जांभई देत म्हणाला, “पाठीवाले, या. उभे राहा.” नायकाचा डावा हात वर गेला, आणि मामाचाही आपोआप डावाच!

सेटवर आरोळीच उठली. बाई तर खुर्चीतून उठून फेऱ्या मारायला लागल्या. “म्हणजे खरा कप्तान कोण? आतला! तो आत अडकलाय, आणि बाहेर उभा आहे तो दुसराच. मग आता बाहेरच्याने काय करायचं?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “वळायचं.”

“वळायचं! आणि चेहरा वेगळाच!”

नायक दचकला. “अहो, पण मग माझा चेहरा?”

“आरशात आहे ना! काच ठोका, हंबरडा फोडा, बक्षीस मिळेल.” बक्षीस म्हटल्यावर नायकाने रिकाम्या हवेवर असे काही हात आपटले की काच असती तर फुटली असती.

पण मामा वळेना. पाय जागचे हलेनात. हलले तेव्हा तो डोळे वटारून, दात काढून वळला, आणि सगळे खो खो हसले.

“राक्षस नकोय मला,” बाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या. “घरी तुम्हाला मागून कुणी हाक मारतं का?”

“लेक मारते.”

“मग तसेच वळा.”

मामा वळला. रोज दारात वळतो तसा, भुवया किंचित उचलून, कौतुकाने हसत. मागे नायक काच बडवतोय, ओरडतोय, आणि पुढे हा मायाळू माणूस त्याचे कपडे घालून शांत हसतोय. मी त्याचा सख्खा भाचा, पण मीसुद्धा एक पाऊल मागे सरलो.

भाग लागला त्या संध्याकाळी ठिणगीने अर्धा वर्ग घरी गोळा केला होता. दीडशहाणा सर्वांत पुढे. कप्तान वळला आणि पोरांनी अशी किंकाळी फोडली की मामीच्या हातातलं भांडं पडलं. ठिणगीने एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा बापाकडे. दोन्हीकडे तेच हसू! ती ताडकन उठली आणि मामाच्याच पाठीमागे जाऊन लपली, शर्ट दोन्ही मुठींत घट्ट धरून.

“माझेच बाबा आहेत ते,” तिने तिथूनच बजावलं. “पटलं का?”

दीडशहाणा भिंतीला चिकटला होता. “पटलं,” तो म्हणाला. “पण काका, तुम्ही जरा तिकडे तोंड करून बसा ना.”

मामा मुकाट्याने तोंड फिरवून बसला. मग त्याचे खांदे गदागदा हलायला लागले. हसत होता की काय करत होता, ते आम्हाला बरोब्बर कळलं. इतकी वर्षं त्याची पाठच तर बघत आलो होतो.